मायक्रोवेव्हमधून फॉस्फर: रेअर अर्थ डोपिंगचं काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

फॉस्फर म्हणजे अतिनील किंवा दुसरा प्रकाश पडला की स्वतः चमकणारी पावडर. ती बनवण्याच्या मायक्रोवेव्ह पद्धतीत वेळ वाचतो तो फक्त तापवण्याचा. ऑक्साइड तोलणं, ते आम्लात पूर्ण विरघळवणं, पावडर धुणं, पुन्हा भाजणं, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) आणि पीएल (पावडर कोणता आणि किती प्रकाश देते ते मोजणं) घेणं, या सगळ्याला भट्टीच्या जुन्या पद्धतीइतकाच वेळ इथेही द्यावा लागतो. 'दहा मिनिटांत सॅम्पल तयार' असं वाचून आलेले विद्यार्थी ढीगभर सॅम्पल बनवतात आणि त्यातलं एकही दुसऱ्यांदा तसंच येत नाही. दोष बहुतेक वेळा मायक्रोवेव्हचा नसतो. तोलताना, विरघळवताना किंवा भांडं निवडताना काहीतरी सुटलेलं असतं. त्यामुळे या लेखात तापवण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

युरोपियम, टर्बियम, सिरियम, अर्बियम, इटर्बियम हे रेअर अर्थ धातूंचे आयन थोड्या प्रमाणात एखाद्या होस्ट (मूळ) स्फटिकात घालायचे, म्हणजे डोप करायचे, आणि त्याला चमक आणायची, असं या कामाचं स्वरूप. मायक्रोवेव्हमध्ये त्याच्या तीन वाटा प्रचलित आहेत: नायट्रेट आणि इंधनाचं ज्वलन, बंद भांड्यातली हायड्रोथर्मल पद्धत, आणि ससेप्टर (लहरी शोषून तापणारा पदार्थ) वापरून घन पदार्थ थेट तापवणं. नवख्याने ज्वलनापासून सुरुवात करावी हे आमचं ठाम मत. चूक झाली तर ती पहिल्याच दिवशी डोळ्यांना दिसते.

लहरी नेमकं कोणाला तापवतात

घरगुती असो वा प्रयोगशाळेतला, जवळपास प्रत्येक मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. हवेत या लहरीची लांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर. तिच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण ०.००००१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे कुठलाही रासायनिक बंध तोडायला अगदीच अपुरी. 'मायक्रोवेव्हमुळे बंध तुटून अभिक्रिया वेगाने झाली' असं वाक्य प्रबंधात लिहू नका, परीक्षक तिथेच अडवतील. जे होतं ते उष्णतेनेच होतं. फरक एवढाच, की उष्णता भांड्याच्या भिंतीतून आत न येता पदार्थाच्या आतच तयार होते.

कोण किती तापेल हे लॉस टॅंजंटवरून, म्हणजे पदार्थ लहरींची ऊर्जा कितपत उष्णतेत बदलतो ते सांगणाऱ्या आकड्यावरून कळतं. खोलीच्या तापमानाला पाण्याचा आकडा सुमारे ०.१२, इथेनॉलचा ०.९४, इथिलीन ग्लायकॉलचा १.३५ आणि टोल्युइनचा जेमतेम ०.०४. पाण्यात नायट्रेटसारखे क्षार विरघळले की आयनांच्या हालचालीमुळे द्रावण शुद्ध पाण्यापेक्षा खूप जोरात तापतं. उलट ॲल्युमिना, सिलिका, यिट्रियम ऑक्साइड हे थंड असताना लहरींना जवळपास पारदर्शक असतात. यिट्रियम ऑक्साइड आणि युरोपियम ऑक्साइड नुसते खलून मायक्रोवेव्हमध्ये ठेवले, तर अर्ध्या तासानेही पावडर कोमटच निघेल.

यातून एक गोष्ट निघते, जी बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. ज्वलन पद्धतीत मायक्रोवेव्हचं काम फक्त द्रावण आटवून पेट घेण्याच्या तापमानाला आणण्याचं. पुढची हजार अंशांच्या घरातली उष्णता अभिक्रियेची स्वतःची असते. ज्वाला विझल्यावर उरतो तो कोरडा ऑक्साइड, आणि तो लहरी फारशा शोषत नाही. तेव्हा नंतर आणखी दहा मिनिटं यंत्र चालू ठेवल्याने पावडर 'भाजली' जात नाही. शोषायला कोणी नसलं की लहरी परत फिरतात आणि मॅग्नेट्रॉन (यंत्रातला लहरी निर्माण करणारा भाग) तापतो. ज्वाला संपली की यंत्र बंद करा, भाजायचं असेल तर मफल भट्टी वापरा.

काही ऑक्साइडची शोषणक्षमता तापमानाबरोबर वाढत जाते. गरम भाग जास्त शोषतो, म्हणून आणखी गरम होतो. याला थर्मल रनअवे म्हणतात. एकाच गोळीचा मध्य वितळलेला आणि कडा कच्च्या, असं दिसलं तर कारण बहुधा हेच.

यंत्राची ओळख करून घ्या

ज्वलनासाठी घरगुती ओव्हन अनेक प्रयोगशाळांत वापरला जातो, आणि काळजी घेतली तर चालतो. काळजी म्हणजे हे: ओव्हन फ्यूम हूडमध्येच असावा, त्यात पुन्हा कधीही खाण्याचा पदार्थ ठेवू नये, आणि त्यात कुठलंही बंद भांडं कधीही तापवू नये. नायट्रोजन ऑक्साइडच्या तपकिरी धुराने आतला रंग उडतो आणि पत्रा गंजतो. गंजलेल्या जागी ठिणग्या उडू लागल्या किंवा दार नीट लागेनासं झालं, की ते यंत्र निकालात काढा.

साध्या ओव्हनवर '५० टक्के पॉवर' निवडली की मॅग्नेट्रॉन अर्ध्या ताकदीने चालत नाही. तो काही सेकंद पूर्ण ताकदीने चालतो आणि काही सेकंद बंद राहतो. इन्व्हर्टर असलेली यंत्रं वेगळी वागतात. म्हणून वहीत 'पॉवर ५० टक्के' एवढंच लिहून भागत नाही, यंत्र कोणत्या प्रकारचं आहे तेही लिहावं लागतं.

खरी पॉवर मोजायला अवघी काही मिनिटं लागतात. १ किलो पाणी रुंद काचेच्या भांड्यात घ्या, तापमान मोजा, पूर्ण पॉवरवर २ मिनिटं तापवा, लगेच ढवळून पुन्हा मोजा. तापमानातल्या वाढीला ३५ ने गुणलं की वॅट मिळतात. २० अंश वाढलं तर सुमारे ७०० वॅट. यंत्रावर ९०० लिहिलेलं असताना प्रत्यक्षात ६५० निघणं यात नवल नाही. मॅग्नेट्रॉन जुना होतो तशी पॉवर उतरते, म्हणून ही मोजणी अधूनमधून करत राहा आणि आकडा तारखेसह यंत्रावरच चिकटवा.

पोकळीत लहरी आदळून काही ठिकाणी जोर जास्त, काही ठिकाणी अगदी कमी असा नकाशा तयार होतो. दोन जोरदार जागांमधलं अंतर साधारण अर्ध्या लहरीइतकं, म्हणजे ६ सेंटिमीटरच्या आसपास. फिरती बशी काढून तळावर ओलसर थर्मल कागद पसरला आणि काही सेकंद यंत्र चालवलं, तर काळे पडलेले भाग या जागा दाखवतात. फिरत्या बशीवर काम करत असाल तरी भांडं दर वेळी मध्यापासून तेवढ्याच अंतरावर ठेवा.

तापमान मोजायला साधं धातूचं थर्मोकपल आत घालू नका, ठिणग्या उडतात आणि आकडाही खोटा मिळतो. प्रयोगशाळेच्या यंत्रात फायबर ऑप्टिक प्रोब किंवा इन्फ्रारेड सेन्सर असतो. इन्फ्रारेड सेन्सर भांड्याचा बाहेरचा पृष्ठभाग पाहतो. जाड टेफ्लॉनच्या भांड्यात आतलं द्रावण त्या आकड्याच्या बरंच पुढे गेलेलं असू शकतं, विशेषतः वेगाने तापवताना.

पहिलं सॅम्पल: यिट्रियम ऑक्साइडमध्ये ५ टक्के युरोपियम

हा जुना लाल फॉस्फर आहे. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये लाल रंगासाठी हाच वापरला जायचा. त्याचा स्पेक्ट्रम, एक्सआरडी, सगळं पक्कं माहीत असल्याने आपलं सॅम्पल कुठे चुकलं ते लगेच समजतं.

नायट्रेट–युरिया ज्वलनाची पद्धत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या के. सी. पाटील यांच्या गटाने १९८८ मध्ये ॲल्युमिनासाठी प्रसिद्ध केली. त्यामागचा हिशेब सोपा आहे. कार्बनला +४, हायड्रोजनला +१, ऑक्सिजनला −२, नायट्रोजनला शून्य आणि तीन प्रभारांच्या धातूला +३ धरायचं. यिट्रियम नायट्रेटचा आकडा −१५ येतो, युरियाचा +६, ग्लायसिनचा +९. नायट्रेट आणि इंधनाची बेरीज शून्य यायला हवी, म्हणून १ मोल नायट्रेटला २.५ मोल युरिया किंवा १.६७ मोल ग्लायसिन. नायट्रेटमधलं स्फटिकजल या हिशेबात येत नाही.

नायट्रेटच्या बाटलीतून थेट तोलू नका. रेअर अर्थ नायट्रेट हवेतलं पाणी ओढतात. बाटलीवर सहा पाणी लिहिलेलं असलं तरी महिन्याभरापूर्वी उघडलेल्या बाटलीत नेमकं किती आहे हे कोणालाच माहीत नसतं. ऑक्साइडपासून सुरुवात करा. आधी ते ९०० °से.ला दोन तास भाजा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि मग तोला. लँथॅनम ऑक्साइडच्या बाबतीत ही पायरी टाळताच येत नाही. तो उघड्यावर राहिला की हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट होत जातो आणि वजन फसवं येतं.

एकूण ०.०१ मोल धातूसाठी यिट्रियम ऑक्साइड १.०७२६ ग्रॅम आणि युरोपियम ऑक्साइड ०.०८८० ग्रॅम. शुद्धता किमान ९९.९ टक्के. बीकरमध्ये १० मिलि पाणी आणि ३ मिलि तीव्र नायट्रिक आम्ल घालून ७०–८० °से.ला ढवळत ठेवा. द्रावण पाण्यासारखं नितळ व्हायला हवं. थोडा गढूळपणा चालेल असं म्हणू नका. तो न विरघळलेला ऑक्साइड असतो, आणि डोपंट सारखा न पसरण्याचं मूळ तिथेच असतं.

हिशेबाने लागणारं आम्ल फक्त १.९ मिलिच्या आसपास आहे. उरलेलं उडवून टाकायला हवं. याचं महत्त्व आकड्यात पाहा: नायट्रिक आम्लाचा स्वतःचा आकडा −५ आहे. तीव्र आम्लाचा १ मिलि शिल्लक राहिला तर ऑक्सिडायझरची बाजू निम्म्याहून जास्त वाढते, आणि तुमचं काटेकोर तोललेलं इंधन अपुरं पडतं. म्हणून द्रावण पाकासारखं घट्ट होईपर्यंत आटवा, ५ मिलि पाणी घाला, पुन्हा आटवा. मात्र पूर्ण कोरडं करून तापवत राहू नका. नायट्रेटचं अर्धवट विघटन होतं आणि मग ते पाण्यात पुन्हा विरघळत नाही.

आता १.५० ग्रॅम युरिया आणि १० मिलि पाणी घालून नितळ द्रावण करा. भांडं सिलिकाचं किंवा ॲल्युमिनाचं, २५०–३०० मिलिचं. एवढ्याशा द्रावणाला एवढं मोठं भांडं का, हा प्रश्न नेहमी येतो. अभिक्रियेत दर मोल ऑक्साइडमागे २३ मोल वायू निघतात: ५ कार्बन डायऑक्साइड, ८ नायट्रोजन, १० पाण्याची वाफ. आपल्या ०.००५ मोलला खोलीच्या तापमानाने मोजले तरी जवळपास २.८ लिटर, आणि प्रत्यक्षात ते तापलेले असल्याने त्याच्या काही पट, तेही काही सेकंदांत. लहान क्रुसिबलमध्ये केलं तर पावडर ओव्हनच्या छताला लागते. बोरोसिलिकेट काच कधी टिकते, कधी ज्वालेच्या झटक्याने तडकते, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

७००–८०० वॅटवर सुरू करा. द्रावण आधी उकळतं, मग घट्ट होऊन बुडबुडे मोठे आणि संथ होत जातात. नंतर फेस वर चढतो, तपकिरी धूर येतो, एका कडेला ठिणगी दिसते आणि तिथून आग फेसभर धावते. ज्वाला काही सेकंदच टिकते. मागे राहतो तो भांडं भरून वाहील असा पांढरा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ आणि हाताला हलका फेस. वजन जास्तीत जास्त १.१६ ग्रॅम. त्याहून बरंच जास्त भरलं तर आत कार्बन, कार्बोनेट किंवा न जळलेलं नायट्रेट आहे असं समजा.

अगेटच्या खलात हलक्या हाताने दळा, उघड्या क्रुसिबलमध्ये ६०० °से.ला दोन तास ठेवून उरलेला कार्बन जाळा, आणि चमक हवी असेल तर त्याच पावडरचा एक भाग ९०० ते १००० °से.ला आणखी दोन तास. तिन्ही अवस्थांचे नमुने वेगळे ठेवा. ज्वलनातून निघालेल्या बारीक कणांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि कार्बोनेट चिकटलेले असतात. उत्तेजित आयनाची ऊर्जा त्यांच्या कंपनांत विरून जाते आणि प्रकाश कमी पडतो. भाजल्यावर ते निघून जातात, कण मोठे होतात, आणि चमक नजरेला कळेल इतकी वाढते.

पेट घेतला नाही, काळं पडलं, उडून गेलं

ज्वाला न येता पिवळसर चिकट थर बसला, तर तीन शक्यता. एकतर इंधन आणि नायट्रेटचं गणित बिघडलं आहे, बहुधा शिल्लक आम्लामुळे. किंवा सॅम्पल इतकं थोडं आहे की त्याची उष्णता भांड्यानेच शोषून घेतली. किंवा युरियाचा काही भाग पेट घेण्याआधीच अमोनिया आणि सायन्युरिक आम्लाच्या रूपात निघून गेला. कमी पॉवरवर रेंगाळत तापवलं की हे होतं. यिट्रियमला युरियापेक्षा ग्लायसिन जास्त मानवतं. ०.०१ मोलला १.२५ ग्रॅम ग्लायसिन घ्या. पण ते जोरात पेटतं, म्हणून पहिल्या खेपेला सगळी मापं निम्मी करा.

पावडर करडी किंवा काळी आली तर इंधन जास्त झालं. ६०० °से.ला पांढरी झाली तर फार बिघडलेलं नाही. पांढरी झाल्यावरही चमक कमीच असेल तर कार्बन कणांच्या आत अडकलेला असू शकतो. असं सॅम्पल टाकून देऊन नव्याने केलेलं बरं.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. नायट्रेट आणि इंधन एकत्र आटवलेलं जेल हे ऊर्जा साठवलेलं मिश्रण आहे. ते वाळवून 'उद्या पेटवू' म्हणून कपाटात ठेवू नका, वाळवणीच्या ओव्हनमध्ये सुकवू नका, खलात घासू नका. जास्त पावडर हवी असेल तर मापं दहापट करू नका. लहान घाणे वेगवेगळे पेटवा, प्रत्येकाचं एक्सआरडी पाहा, जुळले तरच एकत्र मिसळा.

प्रत्येक आयनाचा स्वभाव वेगळा

युरोपियम आणि यिट्रियमचे ऑक्साइड आम्लात सहज विरघळतात. सिरियम ऑक्साइड नुसत्या नायट्रिक आम्लात बसूनच राहतो. हायड्रोजन पेरॉक्साइड घातला तरी वेळ लागतो, तेव्हा सिरियमपुरतं सरळ नायट्रेट वापरा आणि त्याचं द्रावण मोजून घ्या. टर्बियमचा गडद तपकिरी ऑक्साइड सावकाश विरघळतो, गरम आम्लात पेरॉक्साइडचे काही थेंब टाकले की काम सोपं होतं. मात्र त्याच्या सूत्रात टर्बियमचे ४ अणू आणि ऑक्सिजनचे ७ आहेत, आणि प्रसियोडिमियमच्या काळ्या ऑक्साइडमध्ये ६ आणि ११. मोल काढताना या दोन ठिकाणी चुका सर्रास होतात.

सिरियम तीन प्रभारांचा असेल तरच चमकतो. ज्वलन उघड्या हवेत होतं, त्यामुळे बराचसा सिरियम चार प्रभारांचा होऊन बसतो. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणारा सिरियम डोप केलेला यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट याच कारणाने ज्वलनानंतर फिका येतो, आणि त्याला ५ टक्के हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये भाजावं लागतं. याच गार्नेटमध्ये दुसरी अडचण फेजची, म्हणजे वेगळ्या स्फटिकरचनेचे प्रकार मिसळण्याची. यिट्रियम आणि ॲल्युमिनियमची आणखी दोन संयुगं वाटेतच तयार होतात, आणि ३ ला ५ हे प्रमाण जरा हललं तरी एक्सआरडीत त्यांच्या रेषा उरतात. ॲल्युमिनियम नायट्रेटही पाणी ओढतं, तेव्हा तिथेही प्रमाणित द्रावणच वापरा.

दोन प्रभारांच्या युरोपियमसाठीही क्षपण हवंच. गॅसची सोय नसेल तर छोटं झाकलेलं क्रुसिबल मोठ्या क्रुसिबलमध्ये ठेवून भोवती ॲक्टिव्हेटेड कार्बन भरतात. मायक्रोवेव्हमध्ये तो कार्बन ससेप्टरचंही काम करतो: स्वतः लाल होतो, आतल्या सॅम्पलला तापवतो आणि कार्बन मोनॉक्साइड देऊन क्षपणही करतो. बाहेरून सिरॅमिक फायबरच्या विटांची पेटी लागते. हूड चालू असल्याशिवाय हे करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंधारात तासन्‌तास हिरवा चमकणारा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, ज्यात युरोपियमबरोबर डिस्प्रोसियमही घालतात आणि ज्याचा शोधनिबंध १९९६ साली आला, तो या वाटेने बनवता येतो. तयार झाल्यावर तो पाण्याने धुऊ नका. पाण्यात त्याचं विघटन होतं आणि चमक जाते.

होस्टमधल्या ज्या आयनाची जागा घ्यायची त्याचा आकार आणि प्रभार पाहा. यिट्रियमच्या जागी युरोपियम बसतो तेव्हा प्रभार सारखा आणि त्रिज्येत थोडाच फरक: ०.९०० विरुद्ध ०.९४७ अँगस्ट्रॉम. स्ट्रॉन्शियमच्या जागी तीन प्रभारांचा युरोपियम घातला तर एक जादा प्रभार उरतो. तो सांभाळायला तेवढाच लिथियम किंवा सोडियम घालतात. नाही घातला तर स्फटिक स्वतःच दोष निर्माण करून तो सांभाळतो, आणि ते दोष प्रकाश खातात.

हायड्रोथर्मल: अप-कन्व्हर्जनचे फ्लोराइड

सोडियम यिट्रियम फ्लोराइडमध्ये २० टक्के इटर्बियम आणि २ टक्के अर्बियम. ९८० नॅनोमीटरच्या लेझरवर हे सॅम्पल हिरवं आणि लाल चमकतं. कमी ऊर्जेच्या प्रकाशातून असा जास्त ऊर्जेचा प्रकाश मिळणं म्हणजे अप-कन्व्हर्जन. यासाठी प्रयोगशाळेचंच यंत्र हवं, दाब आणि तापमान दोन्ही मोजणारं. पाण्याचा बाष्पदाब १८० °से.ला सुमारे १० बार, २०० °से.ला १५.५ आणि २२० °से.ला २३ बार होतो. घरगुती ओव्हनमध्ये हा प्रयोग म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

१ मिलिमोलच्या सॅम्पलसाठी ०.१ मोलर नायट्रेट द्रावणं: यिट्रियम ७.८ मिलि, इटर्बियम २.० मिलि, अर्बियम ०.२ मिलि. त्यात ०.२९४ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट घालून अर्धा तास ढवळा. वेगळ्या प्लास्टिकच्या बीकरमध्ये ०.५० ग्रॅम सोडियम फ्लोराइड २० मिलि पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने ओता. टेफ्लॉनचं भांडं निम्म्याच्या वर भरू नका. दहा मिनिटांत १८०–२०० °से., मग ३० ते ६० मिनिटं. ५० °से.च्या खाली आल्याशिवाय उघडू नका.

इथेही शिल्लक आम्लाचा प्रश्न येतो, आणि तो जास्त गंभीर आहे. आम्लयुक्त नायट्रेट द्रावणात फ्लोराइड पडलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते काच खातं, आणि त्वचेतून आत शिरून कॅल्शियम बांधून घेतं. जखम सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून फ्लोराइड घालण्याआधी पीएच ५ ते ७ च्या दरम्यान आहे याची खात्री करा, काचेचं भांडं वापरू नका, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवा.

या संयुगाचे दोन फेज आहेत. घनाकार फेज आधी आणि चटकन तयार होतो. षट्कोनी फेज स्थिर आहे पण सावकाश येतो, आणि अप-कन्व्हर्जनमध्ये तोच कित्येक पट तेजस्वी. मायक्रोवेव्हचा वेग इथे तोट्याचा ठरू शकतो, कारण थोड्या वेळात घनाकार फेज मागे उरतो. कॉपर के-अल्फा क्ष-किरणांवर (एक्सआरडीत) २८.२ आणि ४६.९ अंशांच्या रेषा घनाकार फेजच्या, १७.२, ३०.० आणि ४३.५ च्या षट्कोनीच्या. मिश्रण दिसलं तर आधी वेळ वाढवा, मग सोडियम फ्लोराइड. दोन्ही एकदम बदलू नका.

धुताना पाणी आणि इथेनॉल आलटून पालटून, प्रत्येकी निदान दोनदा, सेंट्रिफ्यूजमध्ये. न धुतलेलं सोडियम फ्लोराइड एक्सआरडीत ३८.८ अंशांजवळ उभं राहतं. ८० °से.ला वाळवा. हवेत खूप तापवलं तर ऑक्सिफ्लोराइड होतं, म्हणून भाजायचंच असेल तर निष्क्रिय वायूत.

थोडासा डोपंट कसा तोलायचा

०.२ टक्के थुलियम असलेल्या १ मिलिमोल सॅम्पलला थुलियम ऑक्साइड लागतो ०.३९ मिलिग्रॅम. चार दशांशांच्या तराजूची पायरीच ०.१ मिलिग्रॅमची. असं तोललेलं ०.२ टक्के प्रत्यक्षात ०.१५ असेल किंवा ०.२५. त्याऐवजी ०.१९२९ ग्रॅम ऑक्साइड आम्लात विरघळवून बरोबर १०० मिलि करा. हे ०.०१ मोलर द्रावण झालं, त्यातलं ०.२ मिलि मायक्रोपिपेटने घ्या. डोपंटची मालिका करताना यिट्रियमचंही एकच मोठं द्रावण करून सगळ्या सॅम्पलना तेच वापरा. मालिका १, ३, ५, ७, ९ टक्के अशी घेतली की चमकेचा माथा कुठे आहे आणि कॉन्सन्ट्रेशन क्वेंचिंग, म्हणजे डोपंट जास्त झाल्याने चमक घटणं, कुठून सुरू होतं ते दिसतं. यिट्रियम ऑक्साइडच्या लाल फॉस्फरमध्ये तो माथा बहुतेकदा ५ टक्क्यांच्या आसपास येतो. टर्बियममध्ये प्रमाण वाढलं की निळ्या रेषा मावळतात आणि ५४५ नॅनोमीटरची हिरवी उरते. हे क्रॉस रिलॅक्सेशन (एका आयनाने ऊर्जेचा काही भाग शेजारच्या आयनाला देणं) आहे, सॅम्पल बिघडल्याचं लक्षण नाही.

तपासणी

आधी एक्सआरडी, मग पीएल. फेज माहीत नसताना स्पेक्ट्रमवर चर्चा करण्यात अर्थ नाही. घनाकार यिट्रियम ऑक्साइडची मुख्य रेषा २९.२ अंशांजवळ, पुढच्या ३३.८, ४८.५ आणि ५७.६ ला. युरोपियम मोठा असल्याने रेषा किंचित कमी कोनाकडे सरकतात. हे सरकणं खरं की नमुना होल्डरमध्ये वरखाली बसल्यामुळे, ते पाहायला थोडी सिलिकॉन पावडर मिसळून पुन्हा मोजा.

पीएलमध्ये २५४ नॅनोमीटरवर उत्तेजित केल्यावर ६११–६१२ ची अरुंद लाल रेषा इतर सगळ्यांवर मात करते. ही युरोपियमची ५डी०→७एफ२, म्हणजे आयन ५डी० या ऊर्जापातळीतून ७एफ२ मध्ये उतरताना येणारी रेषा. ५८७ ते ६०० च्या दरम्यानच्या रेषा ५डी०→७एफ१ च्या. पहिलीचं दुसरीशी प्रमाण युरोपियमची जागा किती असममित आहे ते सांगतं. ६२४ च्या आसपास वेगळी रेषा दिसली तर सॅम्पलमध्ये मोनोक्लिनिक फेज मिसळलेला असू शकतो. जोरदार ज्वलन आणि झटकन थंड होणं यामुळे तो कधीकधी अडकून राहतो. ५०८ नॅनोमीटरवर अचानक अणकुचीदार रेषा आली तर तो शोध नव्हे, दिव्याच्या २५४ च्या प्रकाशाची दुप्पट तरंगलांबीवर दिसणारी, दुसऱ्या ऑर्डरची सावली आहे. लाँगपास फिल्टर लावला की जाते.

आज घेतलेली तीव्रता मागच्या महिन्याच्या तीव्रतेशी थेट ताडू नका. दिव्याचं वय, स्लिट, होल्डरमधल्या पावडरचा दाब, सगळ्याने आकडा बदलतो. तुलना करायची ती सॅम्पलं एकाच बैठकीत, सारख्या वजनाने घ्या, आणि सोबत भट्टीत बनवलेलं एक संदर्भ सॅम्पल ठेवा. मायक्रोवेव्हने चमक वाढली असं म्हणायचं असेल, तर त्याच तापमानाला त्याच वेळेसाठी साध्या पद्धतीने केलेलं सॅम्पल शेजारी हवंच. २५४ नॅनोमीटरचा दिवा डोळ्यांना इजा करतो. ९८० चा लेझर तर दिसतच नाही, त्यासाठी त्या तरंगलांबीचाच चष्मा लागतो. लेझरची पॉवर वाढवली की सॅम्पल तापतं आणि अर्बियमच्या ५२५ आणि ५४५ च्या पट्ट्यांचं प्रमाण बदलतं, तेव्हा पॉवरवरचा अभ्यास कमी पॉवरपासून सुरू करा.

एलईडी फॉस्फर, एक्स-रे सिंटिलेटर, सुरक्षा शाई, रेडिएशन डोसीमीटर या क्षेत्रांत पुढे जायचं असेल, तर एखादं सॅम्पल पुन्हा तसंच बनवता येणं हे सर्वांत जास्त विचारलं जातं. त्यासाठी वहीत दर खेपेला या गोष्टी हव्यात: ऑक्साइडचा लॉट क्रमांक आणि भाजल्याची तारीख, प्रत्यक्ष तोललेलं वजन, आम्ल किती घातलं आणि किती वेळ आटवलं, भांड्याचं द्रव्य आणि आकार, ओव्हनची मोजलेली पॉवर, पेट घेईपर्यंतचे सेकंद, ज्वालेचा रंग, आणि निघालेल्या पावडरचं वजन. पहिलं लाल सॅम्पल ओळीने तीनदा केलं आणि तिन्हींचा पेट घेण्याचा वेळ, वजन आणि ६११ ची रेषा जुळली, की टर्बियमकडे वळा. सिरियम आणि फ्लोराइड त्यानंतर.